कोवळा सोनेरी

हात धुवायला म्हणून ती आत गेली, कडी लावली, वळली आणि समोर पाहते तो तिचाच नळ. म्हणजे नळ काही तिच्या मालकीचा नव्हता. घर मैत्रिणीचं, बेसिन मैत्रिणीचं, आरसाही मैत्रिणीचाच. आरशात तोंड वासून उभी राहिलेली बाई तेवढी तिची स्वतःची. पण नळ तिचा होता, त्यात शंकाच नको. आपलं पोर दुसऱ्याच्या अंगणात पाठमोरं खेळत असलं तरी आईला ओळखू येतं, तसा तो तिला ओळखू आला. सोनेरी रंग लोकांना सगळा एकच वाटतो. पण भट्टीत नायट्रोजन अंमळ जास्त गेला की तो तांबूस मारतो, कमी गेला की बेगडी पिवळा पडतो, आणि बाहेरची हवा कुठून आत गळत असली तर मळकट होतो, शिळ्या चहासारखा. हा कोवळा सोनेरी होता. कारखान्यात हे नाव तिनंच दिलेलं, आणि तो रंग जमवायला तिला अख्खा उन्हाळा लागला होता. ती वाकली आणि नळाच्या मानेखाली, जिथं कुणी जन्मात बघत नाही तिथं, तिनं नजर घातली. टांगलेल्या नळाची जी बाजू आत वळलेली असते तिथं थर नीट पोचत नाही, फिकट पट्टा उरतो. त्यासाठी तिनं टांगायचे आकडेच फिरते करून घेतले होते. पट्टा नव्हता. सगळीकडे सारखा. "वा," तिच्या तोंडून निघून गेलं, आणि लगेच तिची कानशिलं तापली. बाहेर कुणी ऐकलं तर नाही? तिनं नळ सोडला, उगाचच, पाण्याचा आवाज व्हावा म्हणून. सोडला तोही पालथ्या हातानं. ती सवय जुनी. चकचकीत धातूला उघड्या बोटांनी शिवायचं नाही, बोटाचं तेल लागतं, हे अंगात इतकं मुरलं होतं की लिफ्टचं बटणसुद्धा ती कोपरानं दाबायची आणि शेजारणी तिला सोवळी समजायच्या. हात धुऊन झाल्यावर तिनं पदरानं नळ पुसला. पुसला आणि स्वतःचाच संताप आला. अगं, पाहुणी आहेस ना तू इथं?

बाहेर दिवाणखान्यात हशा झाला. तो आपल्यावर नाही हे तिला ठाऊक होतं, तरी कडीकडे गेलेला हात तिनं मागं घेतला. रविवारचं दुपारचं जेवण, जुनी मंडळी, साहेब खास आले होते. साहेब म्हणजे त्यांच्या प्रयोगशाळेचे एके काळचे प्रमुख. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी कुणाच्याही घरी गेले की मधल्या खुर्चीतच बसायचे. घर होतं कागदवालीचं. प्रयोगशाळेत त्या दोघी एकदमच लागल्या. एक गणितं करणारी म्हणून कागदवाली, आणि दुसरी, म्हणजे आपली ही, यंत्राच्या आतल्या भिंती सांभाळणारी म्हणून भिंतवाली. नावं साहेबांनीच ठेवलेली आणि मरेपर्यंत चिकटणार अशी. कागदवालीचा नवरा दंतवैद्य. तो बिचारा दर वेळी या लोकांत बसून हसायच्या जागी हसायचा. हिचा नवरा मात्र येतच नसे. "तुमच्या गप्पांत मी फर्निचर होतो गं," म्हणायचा, आणि त्याचं खोटं नव्हतं. आणि जेवताना विषय निघाला पंपवाल्याचा. पंपवाला म्हणजे त्यांच्यातलाच एक; यंत्र निर्वात करण्यात, म्हणजे आतली हवा काढून घेण्यात, त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तो आता बटाट्याच्या वेफर्सच्या पुड्या बंद करायची यंत्रं विकतो, अशी बातमी कागदवालीनं आणली होती. "वेफर्स!" साहेब म्हणाले होते. "अरे, सूर्य सांभाळणारा माणूस! अखेर पुड्या चिकटवतो?" सगळे हसले. ती पण हसली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग हात तेलकट झालेत असं म्हणून ती उठली होती. आता बोला.

चार वर्षं तिनं हे निभावून नेलं होतं. कुणी विचारलं, सध्या काय, की ती म्हणायची, "पृष्ठभागांवर काम करतेय. पातळ थर. सल्लागार म्हणून." शब्दन् शब्द खरा होता आणि सगळं मिळून थाप होती. नळ हा शब्द तिनं या मंडळींसमोर कधी उच्चारला नाही. दिराचा नळांचा कारखाना आहे, पितळी नळांना सोन्यासारखा मुलामा चढवतात, आणि तो चढवणाऱ्या भट्टीपाशी ती सकाळपासून उभी असते, एवढं साधं वाक्य. पण ते घशाशी आलं की तिथंच बसायचं. याच जिभेनं ती एके काळी परदेशी पाहुण्यांसमोर तासतासभर बोलली होती. ते यंत्र काय दिसायचं! कड्यासारखं गोल, आत माणूस रांगत जाईल एवढं पोकळ, बाहेरून तारांच्या वेटोळ्यांनी जखडलेलं. वायू इतका तापवायचा की त्याचे अणूच सुटे व्हावेत, तो उजळून निघावा, त्याचा प्लाझ्मा व्हावा. आणि मग चुंबकांच्या कुंपणात त्याला असा अधांतरी धरायचा की भांड्याच्या भिंतीला त्याचा स्पर्श होऊ नये. सूर्याच्या पोटात चालतं ते भांड्यात चालवायचं, म्हणजे जगाची विजेची ददात मिटेल. कधी मिटेल, असं कुणी विचारलं की साहेब म्हणायचे, वीस वर्षांत. ती लागली तेव्हा वीस वर्षांत, आणि ती सुटली तेव्हाही वीसच वर्षांत. तिची आई दर रविवारी फोनवर विचारायची, "काय गं, पेटला का तुमचा सूर्य?" "पेटला होता आई." "मग?" "विझला." "अगं बाई," आई म्हणायची, दूध नासल्यासारखं, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तोच प्रश्न. ती हसण्यावारी न्यायची. पण आईनं शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आणि पुढंपुढं ती आईकडे जायची ती अंधार पडल्यावर, जिन्यात कुणी भेटू नये म्हणून. लाज ही अशी तिथून सुरू झाली असावी, की त्याच्याही आधी? शाळेत पहिली यायची तेव्हाही तिला टाळ्यांची लाजच वाटायची, कारण दुसरी येणारी मुलगी रडत असायची.

पेटायचा कसला, चमकायचा. शॉट म्हणायचे त्याला. भोंगा व्हायचा, नियंत्रणकक्षात सगळे चिडीचूप, हातातला चहाचा कप तोंडापाशी तसाच. एकदा साहेबांना ऐन वेळी शिंक आली तर त्यांनी नाक दाबून ती गिळली आणि दिवसभर कान दुखतोय म्हणून बसले. मग पडद्यावर गुलाबी झळक. डोळ्याचं पातं लवावं आणि संपावं. पुन्हा तारा थंड होईपर्यंत थांबायचं, भांडायचं, बिस्किटं खायची, आणि पुन्हा भोंगा. तिचं काम त्या झळकेच्या आधीचं. भिंत स्वच्छ हवी. भिंतीत मुरलेली पाण्याची वाफ, कुणाच्या तरी बोटाचं तेल, असलं काहीही सुटून आत आलं की प्लाझ्मा गारठतो, मरतो. म्हणून भिंत आधी घासायची, मग तिच्यावर केसाहून कितीतरी पातळ असा थर चढवायचा. तो थर तिनं बसवला तसा कुणाला बसवता आला नाही, हे साहेबांनी भर सभेत सांगितलं होतं. "प्लाझ्मा आमचा, पण त्याचं माहेर भिंतवालीचं," असं म्हणाले होते. त्या वाक्यावर तिनं किती वर्षं काढली! आणि तरी मनात एक खडा होताच, कुणाला न सांगितलेला: आपण आयुष्य घालवलं त्या गोष्टीसाठी, आणि ती आपण धड पाहिलेलीसुद्धा नाही. सगळ्या झळका एकामागे एक लावल्या तर एखादं जेवण उरकायला लागतो तेवढासुद्धा वेळ भरणार नाही.

मग यंत्र बंद झालं. वरून आदेश आला, पाहणी झाली, वेटोळी कापून नेली. जुन्या लोकांना इथं तिथं चिकटवलं. कागदवालीला काय, कागद कुठंही मिळतो. हिला दिली फर्निचर खरेदीची समिती. सहा महिने खुर्च्यांचे नमुने पाहिले आणि तिनं राजीनामा टाकला. घरी बसली. बसली म्हणजे अक्षरशः बसली. भांडी इतकी लख्ख घासायची की नवरा घाबरला. तो कधी कुणाकडे काही मागणारा माणूस नव्हे, पण त्यानंच धाकट्या भावाच्या कानावर घातलं असावं. एके सकाळी भावजी आले, नेहमीसारखे घाईत, दारातूनच म्हणाले, "वहिनी, एक जुनी भट्टी घेऊन बसलोय. विकणारा गेला टोपी घालून. चालतच नाही. जरा नजर टाकता का?" भावजी शाळेनंतर शिकले नव्हते. या घरात ती सून म्हणून आली तेव्हापासून तिच्याशी बोलताना ते आवाज खाली आणायचे, दवाखान्यात बोलावं तसा. ती गेली ती नवऱ्याचं मन मोडू नये म्हणून. पत्र्याची शेड, पॉलिशची धूळ, पितळेचा वास जिभेवर येणारा. आणि त्या सगळ्यात कोपऱ्यात एक निर्वात पिंप, तेल गळणाऱ्या पंपासकट. भट्टी कसली, तिथं आग नसतेच, असं ती पहिल्या दिवशी सगळ्यांना ओरडून सांगत होती. आता तीही भट्टीच म्हणते. पिंपाच्या सांध्यांवर तिनं स्पिरिटचा बोळा फिरवायला सुरुवात केली, आणि एका सांध्यापाशी दाबाचा काटा थरथरला. "इथं गळतंय." भावजी बघतच राहिले. रबरी कडं बदललं, आतून पुसून काढलं, पंप लावला, वायू सोडला, वीज दिली. आणि काचेच्या झरोक्यातून जांभळा उजेड आला.

तो विझेना. ती वाट बघत होती विझायची; सवयच ती. मनात भोंगा होऊन गेला, श्वास रोखून झाला, सोडून झाला, पुन्हा रोखून झाला, आणि उजेड आपला तिथंच. नळांच्या मानांभोवती मऊ लपेटून राहिलेला, मधूनच एका बाजूला कलणारा, पुन्हा सरळ होणारा. "हेच का ते?" भावजींनी दबक्या आवाजात विचारलं. "तुमचं ते?" खरं तर ते नव्हे. ते कोटी अंशांचं, हे कोमट. ते सिंह तर हे मांजर. पण तिनं मान हलवली. "किती वेळ राहतं?" "जितका वेळ वीज देऊ तितका," ती म्हणाली आणि पुन्हा झरोक्याला डोळा लावला. त्या दिवसापासून रोज, एकेक घाणा अर्धा अर्धा तास, ती त्या झरोक्याशी उभी राहते. कामगारांना वाटतं मॅडम रंग तपासतात. रंग तपासायला इतका वेळ लागत नाही. ती नुसती बघते. आणि हीच गोष्ट तिला कुणालाही, अगदी नवऱ्यालाही, सांगता आली नाही. पोटासाठी नळ रंगवावे लागतात, असं म्हणता आलं असतं, लोकांनी हळहळ केली असती. पण तिला ते आवडत होतं! ऐन उमेदीत त्या थोर यंत्रापाशी झाला नाही एवढा आनंद तिला एका पत्र्याच्या शेडमध्ये, न्हाणीघरात लावायच्या नळांपाशी होत होता. हे कुणाला आणि कोणत्या तोंडानं सांगायचं? मग ती सगळी वर्षं काय होती? साहेब, आई, ती शिंक, तो भोंगा?

"अगं, आत झोपलीस की काय?" कागदवालीनं दार वाजवलं. ती बाहेर आली, पदर झटकत. "तो नळ पाहिलास का?" कागदवाली तिला हाताला धरून दिवाणखान्यात नेत मोठ्यानं म्हणाली. "बिल्डरनं सगळ्या घरांत तेच बसवलेत. मी म्हटलं, अहो, हे घर आहे की नाटकातला राजवाडा? हात धुताना मला मुकुट घातल्यासारखं वाटतं." दंतवैद्य म्हणाला, "आम्ही दातांना सोनं बसवायचं सोडलं, तर यांनी नळांना बसवायला घेतलं." हा त्याचा ठेवणीतला विनोद असावा, कारण कागदवाली हसली नाही. साहेब मात्र हसले. मधल्या खुर्चीत रेलून, चष्मा पुसत ते म्हणाले, "भिंतवाली, तू सांग. तू आमची पातळ थरांची माणूस. हे असलं टिकतं का गं?"

सगळे तिच्याकडे बघत होते, प्रेमानं बघत होते, हे त्यातलं वाईट. साहेबांनी किती दिवसांनी तिला भर मंडळीत काहीतरी विचारलं होतं. तिला फक्त म्हणायचं होतं: साहेब, ते मीच केलेत. बस्स. चार शब्द. कदाचित ते चकित झाले असते, उठून नळ बघायला आत गेले असते, आणि मग तिनं त्यांना मानेखालची जागा दाखवली असती. कदाचित. पण तिच्या कानात अजून मघाचा तो हशा होता, आणि त्यात तिचा स्वतःचा आवाज सगळ्यांत वर होता. "छे हो साहेब," ती म्हणाली. आवाज कसा छान लागला, सभेत लागायचा तसा. "शोभेचं काम. दोन वर्षांत पोपडे निघतात. बाजारू लोक असतात हे, यांना थर म्हणजे काय आणि रंग म्हणजे काय, फरक कळत नाही." "तेच म्हणतो मी," साहेब समाधानानं म्हणाले. आणि तेवढ्यात तिला दिसलं, की दंतवैद्य मघाशीच दाराची घंटा ऐकून उठला होता, आणि आता तो भावजींना घेऊन आत येतोय. येतोय कसला, आलेला होता. भावजी पायपुसण्यावर उभे होते, हातात गाडीची किल्ली. तिला घरी सोडायचं म्हणून आले होते. बाजूच्याच रस्त्यावर त्यांचा एक विक्रेता होता, त्याच्याकडे यायचंच आहे तर घेऊन जाईन, असं सकाळी त्यांनीच सांगितलेलं. ती विसरली नव्हती. तिला वाटलं होतं, खालून फोन करतील.

किती ऐकलं असेल? तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि सगळंच ऐकलंय हे कळलं. "हे माझे दीर," ती म्हणाली, आणि पुढे काही बोलायचं म्हणून बोलली, "मला न्यायला आलेत." साहेबांनी मोठ्या मनानं हात पुढे केला. "या, या. आपण काय करता?" आता संपलं, असं तिला वाटलं. भावजींनी क्षणभर तिच्याकडे बघितलं. "छोटा कारखाना आहे," ते म्हणाले, अगदी खालच्या आवाजात. "वा, छान," साहेब म्हणाले, आणि कसला ते विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. भावजी बसले नाहीत, पाणीही घेतलं नाही. कागदवालीनं तिला मिठी मारली, पुन्हा भेटू म्हणाली, आणि ती चपला पायांत सरकवून अशी निघाली की लिफ्टपर्यंत तिला आपण कसे पोचलो ते कळलंच नाही.

लिफ्टमध्ये दोघं शेजारी शेजारी, समोर बघत. भावजींनी कसला कारखाना ते न सांगता तिला झाकून घेतलं होतं. ज्यानं चार वर्षांपूर्वी घरी येऊन हाक मारली, मदत करतोय असं एका शब्दानं जाणवू दिलं नाही, उलट तुम्हीच माझ्यावर उपकार करा असं दाखवलं, त्याला तिनं चार लोकांत बाजारू म्हटलं. त्याच्या पाठीमागं, आणि नशीब असं की त्याच्या तोंडावर. ओरडा ना, तिला वाटत होतं. एकदा तरी आवाज चढवा. घरी जाऊन भावाला सांगा, तुझी शिकलेली बायको कशी आहे ते. ती स्वतःला घालूनपाडून बोलत होती आणि त्यातही तिला जाणवत होतं, की हे स्वतःला बोलणं किती सोयीचं आहे, त्याचा आवाज बाहेर कुणाला येत नाही. गाडी सुरू झाली. दुपारचे रस्ते रिकामे होते, दुकानांची अर्धी दारं ओढलेली. भावजी नेहमी गाडी चालवताना बडबड करायचे, आज नुसते गिअर बदलत होते. दोन वळणं गेली. मग त्यांनी एका झाडाखाली गाडी बाजूला घेतली, थांबवली, आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तसेच बसले. आलं, ती मनात म्हणाली. आता येऊ दे.

"वहिनी," भावजी म्हणाले, "दोन वर्षांत खरंच निघतं?"

तिला आधी प्रश्नच कळला नाही.

"नाही, म्हणजे तुम्ही म्हणालात म्हणजे तसंच असणार," ते घाईघाईनं म्हणाले. "तुमच्या साहेबांसमोर तुम्ही वावगं कशाला सांगाल? मला तिथं एकदम कानकोंड्यासारखं झालं. कशाचा कारखाना ते सांगवेना. म्हटलं, ही माणसं म्हणतील, हाच का तो, लोकांना फसवणारा. अहो, मी दहा वर्षांची हमी देत सुटलोय सगळ्यांना! तुम्ही तो मिठाच्या पाण्याचा प्रयोग केला होता ना, त्यावरून मला वाटलं की झालं, आता बघायला नको. मला काय कळतं त्यातलं." त्यांनी कपाळ पुसलं. "चूक तुमची नाहीये वहिनी. मीच कधी तुम्हाला मोकळेपणानं बोलू दिलं नसणार. दिराचा कारखाना, तोंडावर कसं सांगायचं, असं तुम्हाला झालं असणार. मी बसलो आपला मिरवत. आज विक्रेत्याकडे बसून पण तेच, दहा वर्षं, दहा वर्षं." आणि बोलता बोलता त्यांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला, कानाशी धरला. "नवा माल उचलू नका म्हणून सांगतो. दिलेल्याचं बघू कसं करायचं ते. पण पुढं खोटी हमी नको."

फोन वाजत असल्याचा बारीक आवाज तिला इकडे येत होता. मिठाच्या पाण्यात तिनं ते नळ आठवडेच्या आठवडे ठेवले होते. तारेच्या घासणीनं घासले होते, चिकटपट्टी लावून ओढले होते, उकळत्या पाण्यातून गार पाण्यात टाकले होते. काही म्हणजे काही झालं नव्हतं. जन्मात तिच्या हातून एवढं चोख दुसरं काही झालं नव्हतं आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. "भावजी, फोन ठेवा," ती म्हणाली. ते ऐकेनात. तिनं त्यांचा दंड धरला; इतक्या वर्षांत कधी धरला नव्हता. "नळ टिकतो. दहा काय, वीस वर्षं टिकेल. मी तिथं खोटं बोलले."

"खोटं?" भावजींनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. "का?"

"लाज वाटली."

"नळाची?"

हो म्हणाली असती तर भागलं असतं. नळाची, असं म्हणून दोघं हसलेसुद्धा असते, आणि ते भावजींनी घरी जाऊन विनोद म्हणून सांगितलं असतं. तिनं तोंड उघडलं तेव्हा तिला हो म्हणायचं होतं. "तुमची," ती म्हणाली.

समोरच्या काचेवर एक वाळकं पान येऊन पडलं होतं, भावजी ते बघत राहिले. तिला वाटलं, आता काहीतरी बोलावं, समजावून सांगावं, ती वर्षं, साहेब, तो झरोका; पण जे काही आठवत होतं त्यातलं एकही त्यांना द्यायच्या लायकीचं नव्हतं. तेवढ्यात पलीकडे कुणीतरी फोन उचलला. हॅलो, हॅलो, बोला ना, असं तिला स्पष्ट ऐकू आलं. भावजींनी घसा साफ केला.

"अं? नाही, काही नाही," ते म्हणाले. "सहज केला होता. तो माल घ्या तुम्ही, बिनधास्त घ्या. हो, दहा वर्षं. अहो, लिहून देतो. आमच्या वहिनी आहेत ना, त्या जातीनं बघतात सगळं. हो, घरच्याच."

मग त्यांनी फोन खिशात ठेवला आणि तिच्याकडे न बघता गाडी सुरू केली.